पोत्याने गोल मारणारा पोऱ्या चाचणीतून परत का येतो?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने लिहायचे म्हणजे गुरुजनांच्या आठवणी, घंटेचा टोल आणि शेवटी डोळ्यांत पाणी, असा रिवाज आहे. तो पुढच्या-मागच्या पानांवर इतरांनी पाळला असेलच. मला संपादक मंडळाने फुटबॉलमधल्या फॉरवर्डवर, म्हणजे पुढे राहून गोल मारणाऱ्या खेळाडूवर, लिहायला सांगितले. योग्यच केले. आपल्या मैदानावर उतरणाऱ्या दहांपैकी आठांना फॉरवर्डच व्हायचे असते, उरलेला एक गोलकीपर असतो आणि एकाला बूट मिळालेले नसतात.

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, पालकांचा प्रश्न एकच. पोऱ्या तालुक्याला, जिल्ह्याला पोत्याने गोल मारतो, मग पुण्या-मुंबईच्या निवड चाचणीतून दुसऱ्याच दिवशी परत का येतो? ‘वशिला’ हे उत्तर सगळ्यांना आवडते. कधीमधी ते खरेही असेल. पण बहुतेक वेळा कारण आपल्याच मैदानात पडलेले असते.

आपली मैदाने काळ्या मातीची, नाहीतर मुरमाची. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात तेव्हा चेंडू चिखलात रुततो. दिवाळीनंतर तीच माती तडकून दगड होते आणि चेंडू गुडघ्याच्या वर उसळतो. जमिनीवरून सरळ पास देणे दोन्ही ऋतूंत अवघड. म्हणून बचावपटू चेंडू लांब भिरकावतो, कडेने ‘पळ रे भो!’ असा ओरडा होतो आणि जो आधी पोचतो तो गोल मारतो. आधी पोचणारा मुलगा बहुधा वयोगटातला थोराड असतो. वयोगट १ जानेवारीला कापला जातो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत एकाला मिसरूड फुटलेले असते, तर दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. सतरापर्यंत बाकीचे उंचीला आणि वेगाला बरोबरीत येतात. मग आपल्या गोलवाल्याच्या हातात काही उरत नाही, कारण पळण्यापलीकडे कोणी त्याला काही शिकवलेलेच नसते.

चाचणी होते गवतावर, नाहीतर कृत्रिम हिरवळीवर. चेंडू सपाट आणि झरझर येतो. एका बाजूला सात-आठ मुले, मैदान आखूड. बचावफळीच्या मागे पळायला जागाच नसते. निवड करणारे गोल मोजतही नाहीत. चेंडू येण्याआधी मुलाने मान वळवून मागे पाहिले का, पहिल्या स्पर्शानंतर चेंडू कुठे गेला आणि चेंडू गमावल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला की परत मिळवायला धावला, या तीन गोष्टींवर त्यांचा डोळा असतो.

पहिला स्पर्श जरा जवळून पाहू. फॉरवर्डची पाठ गोलकडे, मधल्या फळीतून पंधरा मीटरवरून पास येतो आहे. जेमतेम दीड सेकंद हातात. आपला मुलगा चेंडूकडे टक लावून, टाचा टेकवून, गुडघे ताठ ठेवून उभा राहतो. चेंडू पायावर आपटून हातभर पुढे जातो आणि मागचा बचावपटू तो काढून नेतो. शिकलेला मुलगा पास निघण्याआधी एकदा आणि चेंडू वाटेत असताना दुसऱ्यांदा खांद्यावरून मागे पाहतो. अंग तिरपे ठेवतो, म्हणजे एक खांदा पास देणाऱ्याकडे आणि दुसरा गोलकडे. चेंडू जवळच्या पायाने न अडवता अंगावरून पुढे जाऊ देतो आणि लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घेतो. घोटा सैल, आणि चेंडू लागताना पाय किंचित मागे, जसा पाण्याचा फुगा झेलतात तसा. त्या एका स्पर्शात तो गोलकडे वळलेला असतो. मात्र बचावपटू पाठीला चिकटलेला असेल तर वळायचे नाही. त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये अंग घालायचे आणि चेंडू आल्या वाटेने परत द्यायचा. वळायचे की परत द्यायचे हे आधीच ठरते, म्हणून ती मान वळवणे. याचा सराव शाळेच्या भिंतीवर फुकट होतो. भिंतीपासून सहा मीटरवर उभे राहायचे, चेंडू मारायचा, मित्राने मागे उभे राहून बोटे दाखवायची आणि चेंडू परत पायात येण्याआधी बोटांचा आकडा सांगायचा. रोज दहा मिनिटे. पहिला आठवडा चेंडू गावभर जाईल, जाऊ द्यावा.

यात चेंडूचाही दोष असतो. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते. बाराच्या आतल्या मुलांना चार नंबरचा द्यावा. आपल्याकडे चेंडू पंपाने धोंड्यासारखा होईपर्यंत फुगवतात. कडक जमिनीवर कडक चेंडू मुलाला लाथ मारायला शिकवतो, थांबवायला नाही. अंगठ्याने दाबल्यावर थोडा आत गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट क्रॉसची, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूची. उजव्या कडेचा खेळाडू क्रॉस टाकणार म्हटल्यावर आपला मुलगा लगेच जवळच्या खांबाकडे धाव घेतो आणि चेंडूच्या आधी पोचून थांबतो. थांबलेल्या माणसाला राखणे सोपे. खरे तर आधी दोन-तीन पावले उलटी, लांबच्या खांबाकडे टाकायची. बचावपटूला एक तर चेंडू दिसतो नाहीतर आपण, दोन्ही नाही. क्रॉस टाकणाऱ्याने मान खाली घालून चेंडूकडे पाहिले की तीच खूण. त्याच क्षणी बचावपटूच्या पुढून आत घुसायचे. सुनील छेत्री उंचीने जेमतेम ५ फूट ७ इंच. त्याने मे २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर करून जूनमध्ये शेवटचा सामना खेळला तेव्हा भारतासाठी १५१ सामन्यांत ९४ गोल त्याच्या नावावर होते (पुढच्या वर्षी तो परत आला, ती गोष्ट वेगळी). त्यांतले कितीतरी डोक्याने मारलेले, ते उंचीमुळे नव्हे, या चुकवाचुकवीमुळे. ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या आणि विरोधी संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असणे, हा नियम मात्र पाठ हवा. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी आपण कुठे होतो ते बघतात, चेंडू आपल्याला मिळाला तेव्हाचे नाही. त्यात हात मोजत नाहीत. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही. हे शेवटचे वाक्य जिल्हा पातळीवर निम्म्या मुलांना ठाऊक नसते, आणि कधी कधी कडेला शिट्टी घेऊन उभ्या असलेल्यालाही.

गोल मारण्याबद्दल थोडेच. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, गोलसमोरचा पेनल्टीचा चौकोन १६.५ मीटर खोल. बहुतेक गोल त्या चौकोनातूनच होतात आणि तेही एकाच स्पर्शात. सराव मात्र पंचवीस मीटरवरून, कारण टाळ्या तिथून मारल्याला पडतात. फक्कीने चौकोन आखावा. आठवड्यातून तीन दिवस चाळीस फटके, त्यांत पंचवीस एका स्पर्शाचे आणि दहा कच्च्या पायाचे. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर, छाती पुढे. पाय मागे राहिला आणि अंग मागे झुकले की चेंडू आडव्या दांडीवरून शेजारच्या शेतात.

शरीर. दहा ते तेरा वयात टाच दुखते, बारा ते पंधरात गुडघ्याखालचे हाड. हाड भराभर वाढत असते आणि स्नायू त्याला ओढत असतो, त्यात आपली जमीन कडक. बुटाच्या तळाचे लांब खडे, म्हणजे स्टड, अशा जमिनीत रुतत नाहीत, सगळा भार टाचेवर आणि स्टडच्या टोकांवर येतो. आपल्या मैदानावर आखूड रबरी खडे असलेले टर्फचे बूट घ्यावेत. वाढत्या पायाला म्हणून दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबू नये. दुखत असताना ‘खेळता खेळता मोकळं होईल’ म्हणून उतरवू नये. फॉरवर्डची मांडीमागची शीर हमखास ताणते. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. आठ मिनिटे हलके पळणे, दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटे वेगाने पळणे. त्यात गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे, हा व्यायाम मांडीमागच्या शिरेसाठीच आहे. त्याला काही लागत नाही, एक सतरंजी पुरते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा उन्हाळी शिबिर सकाळी साडेसातला संपलेच पाहिजे. सामन्याच्या दोन-अडीच तास आधी भाकरी आणि वरण, तासभर आधी रावेर-यावलची एक-दोन केळी. आदल्या रात्री ढाब्यावरची शेवभाजी नको, कितीही आग्रह झाला तरी.

आता कागद. इथे मुले पायापेक्षा जास्त अडकतात. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की सरसकट १ जून लिहीत. ती पिढी आता आजोबा झाली, पण सवय पूर्ण गेलेली नाही. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत तारीख किंवा नावाचे स्पेलिंग जुळत नसेल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत अर्ज अडकतो. दहावीच्या आधी दुरुस्त करावे, नंतर हेलपाटे वाढतात. वय चोरणे तर विसराच. मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय बघतात. चाचणीला जाताना मूळ कागद, दोन-दोन झेरॉक्स आणि पालकांचे संमतीपत्र बरोबर ठेवावे, आणि शक्यतो आदल्या दिवशी पोचावे. भुसावळहून रात्रभर जनरल डब्यात दाराशी उभे राहून गेलेला मुलगा सकाळी आठला मान वळवून बघणार कसा?

पुढची वाट अशी. हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून होणारा सुब्रतो चषक हा शाळांसाठीचा मोठा दरवाजा. आपल्याला जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य आणि तिथून देशपातळी. साधारण तेरा ते सोळा या वयात एखाद्या निवासी अकादमीत शिरकाव झाला तर बरे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २००० साली जन्मलेला फॉरवर्ड. भारतात २०१७ मध्ये झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, मग महासंघाच्या इंडियन ॲरोज संघातून आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा आणि पुढे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) जमशेदपूर, हैदराबाद. त्या वाटेवर तो कडेने बराच खेळला, आणि त्यातच मर्म आहे. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात आणि क्लब त्यातली एक जागा बहुधा मधल्या फॉरवर्डवर खर्च करतात. भारतीय मुलाच्या वाट्याला कड उरते. म्हणून आजच्या फॉरवर्डला उजवी-डावी कड, मागे येऊन बचाव आणि दोन्ही पाय आलेच पाहिजेत. ‘मी नऊ नंबरच (मधला फॉरवर्डच) खेळणार’ म्हणणारा बाकावर बसतो. एकोणीस-वीसच्या वयात मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये उसना जाऊन पंधरा-वीस सामने खेळणे कधीही बरे.

करार वाचावा. फिफाच्या नियमाने १८ वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार होत नाही. मुदतवाढीचा हक्क एकट्या क्लबकडे आहे का, दुखापतीचा खर्च कोण करणार, उसने पाठवल्यावर पगार कोण देणार, हे तीन मुद्दे पाहावेत आणि सही केलेली प्रत घरी आणावी. निवडीसाठी पालकांकडे पैसे मागणारा खरा एजंट नसतो. स्थानिक क्लबमध्ये बाराव्या वर्षापासून नोंदणी करून ठेवण्याचाही उपयोग आहे. पुढे एखाद्या क्लबने पैसे घेऊन खेळाडूला परदेशी क्लबकडे सोडले तर रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, पण नोंद असेल तरच.

जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला गेला तेव्हा काही क्लबांनी पगारही थांबवले. त्यामुळे बारावी आणि पदवी सोडू नये, आणि रेल्वे, पोलीस, सेनादल यांच्या क्रीडा कोट्याला कमी लेखू नये. भुसावळकरांना हे सांगायला नको. तिथे स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्र बघतात, गोल नाही. भरतीची जाहिरात निघाली की चार वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र शोधत पालक शाळेच्या कार्यालयात येतात. स्पर्धेहून परतलेल्या संघाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती आधी क्रीडा फाइलला लावाव्यात, सत्काराचे फोटो नंतर.