वहीला घाबरणारी सत्ता

पुणे, रविवार

आज ऑर्वेलची ‘१९८४’ पुन्हा वाचून संपवली. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील पाळत आणि छळ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे मन मात्र या खेपेस कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ याच्या वहीपाशीच अडून राहिले. त्या राज्यात रोजनिशी लिहिणे बेकायदा नाही, कारण तिथे कायदेच उरलेले नाहीत. तरीही पकडले गेल्यास मृत्युदंड किंवा किमान २५ वर्षांची सक्तमजुरी ठरलेलीच. घराघरांतून पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीन या पडद्याच्या नजरेआड असलेल्या कोनाड्यात बसून विन्स्टन ४ एप्रिल १९८४ ही तारीख घालतो खरा, पण हे वर्ष १९८४च आहे याचीही त्याला खात्री देता येत नाही.

खात्री कुठून असणार? त्याची नोकरीच मुळी जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर बदलण्याची आहे. एका जुन्या भाषणात विदर्स नावाच्या माणसाची स्तुती आलेली असते आणि तो माणूस आता नाहीसा करण्यात आलेला असतो. तेव्हा विन्स्टन त्याच्या जागी कधीही न जन्मलेला ओगिल्वी नावाचा वीर रचतो, आणि मूळ कागद भिंतीतल्या भोकातून भट्टीत जातो. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, हे काम त्याला मनापासून आवडते. कालची आजशी तुलना करण्याचे साधनच कोणापाशी उरले नाही, की सरकार आज जे सांगेल तेच खरे ठरते. अशा राज्यात एका सामान्य माणसाच्या हस्ताक्षरातील वही हा सत्तेच्या हातून न गेलेला एकमेव पुरावा असतो.

आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात राजबंद्यांना डांबले जात होते, तेव्हा सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या थोरल्या काकांनी आपल्या रोजनिशा न्हाणीघरातल्या बंबात घातल्या. त्यांच्या घरी झडतीला कोणी आले नव्हते, येणारही नव्हते. काकू सांगतात की, पुठ्ठे लवकर जळेनात म्हणून त्यांनी ते आधी फाडून काढले. त्या कादंबरीतली भीती किती खरी आहे, हे मला पुस्तकाआधी या हकिकतीने शिकवले.

हक्स्लेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ कादंबरीतील राज्यात वह्या जाळाव्याच लागत नाहीत. तिथे तान्ह्या मुलांनाच विजेचे झटके देऊन पुस्तकांची धास्ती बसवलेली असते. पण माझ्या मते याहून भेदक शेवट रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वुई’ या कादंबरीचा आहे. काचेच्या घरात राहणारा डी-५०३ सरकारची थोरवी गाण्यासाठी टिपणे लिहू लागतो आणि लिहिता लिहिताच त्याला शंका फुटतात. अखेर शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात. अक्षर त्याचेच असते, पण ही पाने आपण लिहिली यावर त्याचा विश्वास बसत नाही. वही शाबूत राहते आणि तिचा धनीच उरत नाही. १९२४ साली ही कादंबरी इंग्रजीत आली. सोव्हिएत रशियात ती छापली जायला मात्र १९८८ उजाडावे लागले.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे. त्या वह्यांमध्ये काय होते, ते त्यांना आठवेल तेवढे विचारून लिहून घ्यायचे, असे मी ठरवले आहे.