पंगतीच्या टोकाचा माणूस

लग्नाच्या पंगतीत अगदी टोकाचे पान ज्याच्या वाट्याला आले आहे, त्याला वाढप्याची वाट पाहणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जिलब्यांची परात पलीकडून निघते, वाटेत व्याह्यांना आग्रह होतो, विहिणींना दुप्पट आग्रह होतो, आणि ती आपल्यापर्यंत येते तेव्हा तिच्यात बहुधा पाकच उरलेला असतो. रग्बी लीगमधल्या विंगरविषयी वाचताना मला नेहमी हे टोकाचे पान आठवते. त्या खेळात चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. त्यामुळे मैदानाच्या मध्यातून निघालेला चेंडू हातोहात सरकत, सीमारेषेला खेटून उभ्या असलेल्या विंगरकडे सर्वांत शेवटी पोहोचतो. मधल्या एकाने हावरटपणा केला किंवा कुणाच्या हातून चेंडू निसटला, की विंगरने उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या थंडीत हात चोळत उभे राहायचे.

आल्बर्ट रोझेनफेल्डचा जन्म १८८५ साली सिडनीतल्या एका ज्यू कुटुंबात झाला. तो मुळात ह्या टोकाचा माणूस नव्हता. १९०८ साली ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडविरुद्ध आपला पहिला रग्बी लीग कसोटी सामना खेळला, त्यात तो फाइव्ह-एटच्या जागी, म्हणजे मैदानाच्या मध्यातून चेंडू वाटणाऱ्या, जवळजवळ वाढप्याच्याच जागी होता. त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या कांगारू संघाबरोबर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरच्या संघाबरोबर, तो इंग्लंडला गेला, तिथे यॉर्कशरमधल्या हडर्सफील्ड गावच्या एका मुलीशी त्याची ओळख झाली, आणि १९०९ मध्ये त्याने हडर्सफील्ड क्लबशी करार केला. करारामागे चेंडू किती आणि मुलगी किती, ह्याचा हिशेब आपण करू नये. त्या क्लबाने त्याला विंगवर नेऊन उभे केले. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या ह्या गड्याला धिप्पाड माणसांच्या घोळक्यातून बाहेर काढून मोकळ्या कडेला ठेवणाऱ्याची नजर मला मोठी वाटते.

गावही साधे नव्हते. मजुरी बुडवून खेळायला येणाऱ्या कामगार खेळाडूंना तिची भरपाई द्यावी की नाही, ह्या वादातून उत्तरेकडील क्लब १८९५ साली जुन्या रग्बी संघटनेतून फुटले, तेव्हा त्यांची बैठक ह्याच हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात भरली होती; रग्बी लीगचा जन्म ह्या फुटीतूनच झाला. पुढे १९०६ मध्ये संघातील खेळाडू पंधरांवरून तेरांवर आणले गेले. दोन माणसे उठून गेल्यामुळे पंगत थोडी सैल झाली आणि कडेच्या माणसाला पळायला जागा मिळाली.

त्यात हडर्सफील्डचे वाढपी अस्सल होते. कर्णधार हॅरॉल्ड वॅगस्टाफ हा स्वतः सेंटरला, म्हणजे विंगरच्या शेजारच्या जागी, खेळणारा आणि चेंडू योग्य क्षणी सोडण्यात वाकबगार असलेला खेळाडू. त्याच्या संघाला लोक ‘सर्वगुणसंपन्नांचा संघ’ म्हणत. १९११-१२ च्या हंगामात रोझेनफेल्डने ७८ ट्राय केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला, त्यांपैकी आठ नाताळच्या दुसऱ्या दिवशी वेकफील्डविरुद्धच्या एकाच सामन्यात. पुढच्या हंगामात ५६. आणि १९१३-१४ मध्ये ४२ सामन्यांत ८०. ट्रायला तेव्हा तीन गुण मिळत, म्हणजे एकट्या टोकाच्या माणसाच्या पानावर २४० गुण वाढले गेले. त्याच्याप्रमाणेच सिडनीहून आलेला ब्रायन बेव्हन हा नंतरचा असामान्य विंगर १९५२-५३ मध्ये ७२ पर्यंत पोहोचला आणि तिथेच थांबला. आता एका हंगामात एवढे सामनेच होत नसल्यामुळे ८० चा आकडा मोडण्याची भाषाही कोणी करत नाही. हे श्रेय रोझेनफेल्डचे की वाढणाऱ्यांचे, असा प्रश्न रसिकांना पडतो. मला तो थोडा खोटा वाटतो, कारण आग्रहाने वाढलेले पचवण्यालाही ताकद लागते, आणि चेंडू हातात आल्यावरची शेवटची धाव कुणी त्याच्या वतीने धावत नव्हते.

१९१४-१५ मध्ये हडर्सफील्डने चारही चषक जिंकले, आणि मग महायुद्धाने ती पंगतच उठवली. रोझेनफेल्ड लष्करात भरती होऊन मेसोपोटेमियात गेला. तो मुलूख आपल्यालाही परका नाही, कारण तिथेच कुटच्या वेढ्यात मराठा पलटणींनी १९१६ सालच्या एप्रिलअखेरपर्यंत उपासमार सोसली होती. युद्धानंतर तो परतला, पण मधली वर्षे कुणी परत वाढत नाही. हडर्सफील्डसाठी २८७ सामन्यांत ३६६ ट्राय करून तो आधी वेकफील्डला आणि मग ब्रॅडफर्डला गेला, आणि १९२४ मध्ये त्याने खेळणे थांबवले.

त्यानंतर तो सिडनीला परतला नाही. त्याने हडर्सफील्डच्या नगरपालिकेत कचरागाडीवर नोकरी धरली. हे वाचून हळहळणारे पुष्कळ भेटतात, पण मला त्यात फारसे हळहळण्यासारखे दिसत नाही. कामगारांच्या बुडालेल्या मजुरीच्या वादातून जन्मलेल्या खेळातला माणूस खेळ संपल्यावर कामावर गेला, इतकेच. १९७० मध्ये तो गेला, तेव्हा त्या पहिल्या कांगारू संघातला दुसरा कोणीही हयात नव्हता. सगळी पंगत उठून गेल्यावर टोकाच्या पानावरचा माणूस तेवढा सावकाश जेवत राहिला होता.