भाचीला समुद्र शिकायचाय: रत्नागिरी आणि गोव्याचे चार दिवस

दिवाळीत भाचीनं जाहीर केलं, "मामा, मला मरीन सायन्स करायचंय." आजीचा पहिला प्रश्न, "म्हणजे बोटीवर कामाला?" राजारामपुरीतल्या एका करिअर सल्लागारानं तर मर्चंट नेव्हीचं माहितीपत्रकच हातात ठेवलं. तिथं जहाज चालवायला शिकवतात. हिला जहाजाखालचं पाणी शिकायचं होतं. रंकाळ्यावर भेळ खात नुसती चर्चा करण्यापेक्षा जाऊन बघून येऊ म्हटलं आणि डिसेंबरात चार दिवस काढले.

कोल्हापुरातून सकाळच्या एसटीनं आंबा घाटमार्गे रत्नागिरीला चारेक तासांत पोचलो. गाडी लागत असेल तर पुढची सीट धरा, बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मात्र जून-जुलैत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बंदरावर नुसत्या नांगरलेल्या होड्या बघून याल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मिरकरवाडा बंदर गाठलं. हे मुद्दाम सांगतोय, कॉलेज बघण्याआधी बंदर बघा. पायाखाली खवल्यांचा चिखल, बर्फाचे क्रेट, बांगड्याच्या ढिगाभोवती लिलावाची आरडाओरड आणि जॅकेटला दोन दिवस चिकटून राहणारा वास. हे नकोसं वाटलं तर फिशरीजचा, म्हणजे मत्स्यशास्त्राचा, विचार तिथंच सोडावा. भाचीनं नाकाला रुमाल लावला, पण पाच मिनिटांत तोच रुमाल खिशात गेला आणि ती एका मावशींना माशांची नावं विचारत बसली. मावशींनी तिला ढोमा दाखवला आणि म्हणाल्या, "ह्याच्या डोक्यात खडे असतात, जेवताना बघ."

दुपारी खानावळीत ढोम्याचं कालवण मागवलं. डोकं फोडल्यावर खरंच दोन पांढरे, चिंचोक्याच्या तुकड्यासारखे खडे निघाले. ते ओटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातले खडे. माशाचा तोल त्यांच्यावर चालतो. खडा पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात आणि त्यावरून माशाचं वय काढतात. वय कळलं की कोणता मासा किती लहानपणीच जाळ्यात जातोय ते कळतं, आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती मोठा हवा ते ठरवता येतं. हे सगळं आम्हाला संध्याकाळी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीनं समजावलं. हे कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी सायन्स आणि सीईटीनंतर चार वर्षांचं बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी. इथं समुद्रासोबत तळी, कोळंबीची शेती, खाद्य, प्रक्रिया, जाळी, सगळंच येतं. पुढच्या वाटाही ठळक आहेत. मत्स्यबीज तयार करणाऱ्या हॅचरी, निर्यात करणारे प्रक्रिया कारखाने, लोकसेवा आयोगामार्फत मत्स्यव्यवसाय खात्यातली पदं, किंवा पुढचं पदव्युत्तर एमएफएस्सी करायला मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. जाता जाता रत्नागिरीतल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालयही बघून घ्या. तिथला देवमाशाचा सांगाडा मोठ्या माणसांनाही गप्प करतो.

रत्नागिरीहून कोकण रेल्वेनं करमळीला उतरलो, तिथून पणजी जवळ. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालची, आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेतून उभी राहिलेली. अशा ठिकाणी परवानगीशिवाय प्रवेश मिळेल असं समजू नका. इथं मी तीन आठवडे आधी मेल केली होती. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र पत्राविना, तेही शनिवारी जाऊन धडकलो आणि फाटकावरूनच परतलो. चूक आमचीच.

आत एका मॅडमनी काचेच्या थाळीत समुद्राचं पाणी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बघतो तर लांब मिशांचा, पारदर्शक कोपेपॉड, म्हणजे इवलासा कवचधारी जीव, टुणकन उडी मारून बाजूला. हेच खाऊन कितीतरी माशांची पिल्लं वाढतात. मग सीटीडी नावाचं मोजणीचं उपकरण दाखवलं. उभ्या बाटल्यांचं कडं केबलनं समुद्रात सोडतात. खाली जाताना खारटपणा, तापमान, खोली नोंदवली जाते आणि हव्या त्या खोलीवर बाटलीची दोन्ही तोंडं बंद करून तिथलं पाणी वर आणतात. भाचीनं विचारलं, "तुम्ही झूऑलॉजी केलंय?" उत्तर आलं, "नाही, बीएस्सी फिजिक्स."

आमच्यासाठी सहलीचा सगळा पैसा इथं वसूल झाला. मासे आणि मत्स्यशेती हवी असेल तर बारावीनंतर लगेच बीएफएस्सी. प्रवाह, लाटा, तळाचा गाळ, समुद्राचं रसायन हवं असेल तर घाई नको. फिजिक्स, केमिस्ट्री, जिऑलॉजी, जे जमेल त्यात कोल्हापुरातच बीएस्सी करा, घरचं जेवा, आणि एमएस्सीला गोवा विद्यापीठ किंवा कोचीच्या कुसॅट विद्यापीठात जा. त्यासाठी अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही धरून ठेवलेलं बरं. पुढे हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रासारख्या संस्था आहेत, तिथून मच्छीमारांना मासे कुठं सापडतील याची सूचना आणि त्सुनामीचा इशारा जातो. चेन्नईची एनआयओटी, म्हणजे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, आहे, बंदरांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत.

मॅडमनी कटू गोष्टही लपवली नाही. जहाजावर जाणं अधूनमधून, बाकी दिवस संगणकावर पायथन भाषेतले प्रोग्रॅम आणि आकडे. शिवाय कायमची नोकरी लागेपर्यंत अनेकांची काही वर्षं प्रकल्पावरच्या कंत्राटी पगारात जातात. नेट-जेआरएफ परीक्षा पास झाली तर पीएचडीपुरती फेलोशिप मिळते. पालकांनी हे आधीच ऐकून ठेवावं, म्हणजे नंतर मुलांना टोमणे मारायची वेळ येत नाही.

येताना आंबोलीमार्गे आलो, धुक्यात काही दिसलं नाही. भाचीनं ते दोन खडे कापराच्या डबीत ठेवले होते. आजीनं ते उजेडात धरून उलटसुलट बघितले आणि म्हणाली, "इतकी वर्षं मी ही डोकी मांजराला घालत होते."