आजींचा उजवा कोपरा

करुताच्या डावात जपानी आजींनी ते पान मुद्दाम सोडलं. कालपासून हेच डोक्यात. रात्री भाजी फोडणीला टाकताना तेच, सकाळी मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीत दाराला चिकटून उभी होते तेव्हाही तेच. एका पत्त्यापायी एवढं? हो, एवढं.

करुता म्हणजे शंभर जुन्या जपानी कवितांचा पत्त्यांचा खेळ: कविता सुरुवातीपासून वाचली जाते आणि तिचा शेवट छापलेलं पान आधी हात मारून घ्यायचं. हे पान 'आमा नो'ने सुरू होणाऱ्या कवितेचं. आजींच्या वाटणीला आलं की ते कायम एकाच जागी असतं, उजव्या हाताला, खालच्या ओळीच्या टोकाला, अगदी गुडघ्याशी. करुता खेळताना पानांच्या जागा पाठ करायला पंधरा मिनिटं मिळतात. त्या वेळात मी ओणवी होऊन पुटपुटत बसते आणि आजी उठून चहा टाकतात. त्यांना बघायची गरजच नसते. त्या कोपऱ्यात आजवर माझा हात कधी पोचला नव्हता. पानावर तीन उभ्या ओळी: मिकासानोया, मानिइतेशि, त्सुकिकामो. सगळं हिरागाना लिपीत, आणि 'दे' वाचायचं तिथेही नुसता 'ते' छापलेला. सुरुवातीला तर मला सगळी पानं एकाच आईची लेकरं वाटायची.

काल काय झालं ते नीट आठवून लिहिते. फोनमधल्या, कविता वाचणाऱ्या बाईंनी मागच्या कवितेची शेवटची ओळ ताणून संपवली. क्षणभर काही नाही. मग 'आ'. शंभरातल्या सोळा कविता 'आ'ने सुरू होतात, त्यामुळे 'आ'ला कुणी हलत नाही. मग 'मा'. आता दोनच उरल्या, आणि तिसरं अक्षर 'नो' येतं की 'त्सु' यावर सगळा खेळ. एरवी 'मा'लाच आजींचा हात पानावर तरंगत असतो आणि 'नो' पुरा व्हायच्या आत पान भिंतीला जाऊन लागतं. काल तो हात मांडीवर होता. आरामात. मी पान घेतलं. आजी 'ओमिगोतो!', म्हणजे शाब्बास, म्हणाल्या आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! जानेवारीत ओमी देवळातला मेइजिनपदाचा, म्हणजे करुताच्या अजिंक्यपदाचा, सामना फोनवर बघताना याच आजी देशातल्या पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या खेळाडूंवर खेकसत होत्या, हात उचलत नाही म्हणून.

म्हणजे मी लिंबूटिंबू. या वयात. आउट झाले तरी आउट नाही, आणि घेतलं तरी घेतलेलं नाही. इथे एरवीही तेच चालतं म्हणा. दुकानात पिशवी नको एवढं म्हटलं की जपानी किती छान बोलता, काड्यांनी शेंगदाणा उचलला की काय कौतुक! निम्म्या कविता मी रामरक्षेच्या चालीवर पाठ केल्यात, त्या चालीलाही आजी टाळ्या वाजवतात. आज वाटतंय, त्या टाळ्यासुद्धा तसल्याच होत्या का? कुणीतरी एकदा माझ्याशी सरळ भांडावं, हात झटकून पान हिसकावून घ्यावं...

आईला सांगायला गेले तर म्हणे, "अगं मिळालं ना पान? मग झालं तर." तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

नानांचं मला कळायचं. बदाम सातला हातात अडवून धरलेली अठ्ठी माझा चेहरा पडला की टाकायचे, वर "काय करणार, दुसरं पानच नाही" असं म्हणायचे. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट मी मुद्दाम चेहरा पाडायचे. मग आजींचंच एवढं का लागावं?

कदाचित नेमकं तेच पान होतं म्हणून. ते माझं आवडतं, हे त्यांना माहीत आहे. आबे नो नाकामारो या जुन्या जपानी कवीची कविता. हा ७१७ साली शिकायला चीनला गेला, तांग दरबारात मोठ्या पदावर चढला, ७५३ मध्ये घरी यायला निघाला तर वादळाने जहाज पार व्हिएतनामच्या किनाऱ्याला नेऊन टाकलं. पुन्हा चीन. ७७० मध्ये तिकडेच वारला. कवितेत तो आकाशाकडे बघून म्हणतो, हा चंद्र तिकडे घरी, कासुगाला मिकासाच्या डोंगरावर उगवायचा तोच ना? अर्थ पहिल्यांदा समजला तेव्हा मी आजींसमोर रडले होते. थोडीशीच. आता त्याचीही लाज वाटते. माझं कुठलं जहाज फुटलंय? दिवाळीला विमानाने पुण्याला जाऊन, चकल्या हाणून, दोन किलो वजन घेऊन परत आले की. पण आजींच्या मनात ते रडणं राहिलं असणार. बिचारी, घेऊ दे.

आज दुपारी मात्र वेगळंच सुचलं. काल त्यांचं कानातलं यंत्र चहाच्या बशीशेजारी काढून ठेवलेलं होतं. म्हणजे त्यांना 'नो' ऐकूच आला नसेल तर? तर पान मी खरंच घेतलं. हो, पण तसं असेल तर मग... नको. त्यापेक्षा माझी कीव केलेली परवडली.

आणि एक लिहायचं राहिलंच. शेवटी आजी अकरा पानांनी जिंकल्या. त्यांच्या बाजूचं पान घेतलं की आपलं एक त्यांना द्यायचं असतं, तसं मी दिलं 'आमा त्सु'. 'नो' गेलेला, त्यामुळे आता नुसत्या 'आमा'वर हात मारता येतो. पुढे ते वाचलं गेलं आणि मी मान वळवेपर्यंत पान सोफ्याखाली. यंत्र बशीशेजारीच. ऐकू येतंय आजींना, चांगलं खणखणीत येतंय. म्हणजे आले पुन्हा मूळपदावर.

त्या दुसऱ्या कवितेत वाऱ्याला विनवलंय की बाबा, ढगांमधली वाट बंद कर, या नाचणाऱ्या मुली आणखी थोडा वेळ इथेच राहू देत. घरच्या चंद्राचं पान मला सोडलं, हे नाही सोडलं. आता यातही अर्थ शोधत बसले तर उद्या डबा कोण करणार? विचारून काही होणार नाही. विचारलं तर म्हणतील, छे, तुम्हीच किती चपळ झालात!

रविवारी त्यांचा नातू येणार आहे. तिसरीतला. मागच्या खेपेला मला तोंडावर 'ओसोई' म्हणाला, ढिली आहेस म्हणून, आणि आजींनी त्याला दटावलं. कशाला दटावायचं? खरं तेच बोलला. त्याचा हात लागतो तो लागतोच, माझ्या करंगळीवर अजून खूण आहे. नखं कापून ठेवायला हवीत. आणि मु, सु, मे, फु, सा, हो, से ही सात एकाक्षरी, म्हणजे पहिल्याच अक्षराला ओळखता येणारी, पानं तरी आज रात्री पक्की करते. त्यातलं एकही त्याने मला अजून घेऊ दिलेलं नाही, कार्ट्याने.