आमची वाटचाल : लायनरच्या दुकानापासून रेसच्या इंजिनापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांनी पहिले लेथ मशीन बसवले, तेव्हा दुकानात ऑइल इंजिनांचे लायनर (सिलिंडरच्या आतली, पिस्टन जिच्यात सरकतो ती नळी), पंपाचे शाफ्ट आणि गुऱ्हाळाच्या चरकाचे सुटे भाग एवढेच काम येत असे. मोटारसायकलींचे काम मी सुरू केले आणि त्याला यामाहा आरएक्स-१०० कारणीभूत झाली. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी बंद झाल्यावरही आमच्या भागातील मुले ती सोडायला तयार नव्हती. झिजलेला सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, घ्यायला येणाऱ्यांपैकी काही जण हळूहळू ‘थोडी पळेल अशी करून द्या’ म्हणू लागले, आणि त्यांतूनच ट्रॅकवर उतरणारे आमचे पहिले ग्राहक मिळाले.

सुरुवातीला आम्ही इतर सगळे करत तेच करत होतो. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर जाण्याचे सिलिंडरच्या भिंतीतले भोक, कानशीने वर चढवायचा, हेड लेथवर छाटून कॉम्प्रेशन वाढवायचे, मोठा कार्ब्युरेटर लावायचा आणि उजळाईवाडीच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून कानाने निर्णय घ्यायचा. अशा रीतीने बांधलेले एक इंजिन घेऊन आम्ही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो. आमच्या गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सुमारे ९०० किलोमीटरनंतर त्या ट्रॅकच्या परिसरातूनच पुढे चेन्नईला जातो, त्यामुळे वाट चुकण्याचा प्रश्न नव्हता. चूक इंजिनात होती. सरावाच्या चौथ्या फेरीत, सरळ रस्त्याच्या शेवटी, पिस्टन सिलिंडरमध्ये जॅम झाला. टू-स्ट्रोक इंजिन असे धरले की मागचे चाक जागच्या जागी थांबते. रायडरची दोन बोटे क्लचवर होती म्हणून तो सावरला. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही, आणि त्या जॅमची जबाबदारी पूर्णपणे माझी होती.

कारण शोधायला आम्हाला बरेच दिवस लागले. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तो ट्रॅक जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे. तिथली हवा अधिक दाट असल्यामुळे तेवढ्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) येणारे पेट्रोल अपुरे पडते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टनचा माथा तापतो. शिवाय इथे आम्ही फुल थ्रॉटल काही सेकंदच देत होतो, तर तिथे लांब सरळ रस्त्यावर ते कितीतरी जास्त वेळ राहते. त्या दिवसापासून दुकानात एक जाड वही ठेवली. कोणत्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमध्ये किती क्लिअरन्स (मोकळी जागा), कोणता जेट, कोणता प्लग, किती तापमान आणि प्लगचा रंग कसा निघाला, हे लिहिल्याशिवाय इंजिन दुकानाबाहेर जात नाही.

आज एखादे इंजिन आले की आम्ही प्रथम क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, हातात घेतो, कारण क्रँक वाकडा असेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. या इंजिनाचा क्रँक दोन अर्धे भाग एका पिनवर दाबून बसवलेला असतो. नवीन कनेक्टिंग रॉड व बेअरिंग घालून तो परत दाबला की डायल गेजखाली फिरवून तांब्याच्या हातोड्याने सरळ करावा लागतो. वाकडेपणा ०.०२ मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय आम्ही तो केसिंगमध्ये घालत नाही. मिनिटाला १०,५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १७५ फेऱ्या, आणि टू-स्ट्रोकमध्ये सेकंदाला तितकेच स्फोट. एवढ्या वेगात थोडासा वाकडेपणाही बेअरिंग खाऊन टाकतो.

पोर्टच्या बाबतीत माझे मत आता पक्के झाले आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) हीही ५० मिलिमीटर असलेल्या या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट १ मिलिमीटर वर नेला तर तो उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या फिरण्यात साधारण साडेचार अंशांनी वाढतो. इंजिन जास्त वेगाने फिरताना त्याने ताकद मिळते, पण ताकदीचा पट्टा, म्हणजे ज्या फेऱ्यांमध्ये इंजिन जोर देते तो टप्पा, अरुंद होतो. आरएक्सला चारच गिअर आहेत, त्यामुळे गिअर बदलताना फेऱ्या इतक्या खाली येतात की इंजिन त्या पट्ट्याच्या बाहेर पडते आणि वळणातून निघताना रायडर हताश होतो. म्हणून हॉर्सपॉवरचा मोठा आकडा मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही समजावतो आणि प्रसंगी काम नाकारतो. पोर्टची रुंदी ३२ मिलिमीटरच्या पुढे आम्ही नेत नाही, आणि कडा गोल केल्याशिवाय सिलिंडर बंद करत नाही, कारण धारदार कडेवर रिंग अडकून तुटते.

सायलेन्सर आम्ही स्वतः बनवतो. पत्र्याचे शंकू गोल करून गॅस वेल्डिंगने जोडलेली ही फुगीर नळी केवळ धूर बाहेर टाकण्यासाठी नसते. रुंद होत जाणाऱ्या भागातून परतणारी दाबाची लाट सिलिंडरमधून जळालेला वायू ओढून घेते, आणि शेवटच्या निमुळत्या भागावरून परतणारी लाट पोर्टबाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात या तत्त्वावर जे काम केले, ते वाचून मी अक्षरशः भारावलो होतो. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने लिटरमागे २०० हॉर्सपॉवरचा टप्पा गाठला होता. आमच्याकडे दरवेळी एका लांबीची नळी जमते आणि दुसऱ्या लांबीची जमत नाही, म्हणून प्रत्येक शंकूची मापेही त्याच वहीत आहेत.

सध्याची खरी अडचण सिलिंडरची आहे. ५०.२५ पासून ५१ मिलिमीटरपर्यंत चार ओव्हरसाइज (दर वेळी बोअर थोडा वाढवून घातलेले मोठे पिस्टन) झाले की मूळ लायनर संपतो, आणि कंपनीचे सिलिंडर आता सहज मिळत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी शिरोलीच्या एका फौंड्रीतून लायनरसाठी फिरत्या साच्यातील ओतीव नळ्या घेतल्या आणि त्या वडिलांच्या जुन्या लेथवरच कातल्या. त्यांतील दोन लायनर सध्या ट्रॅकवर धावत आहेत. प्रत्येक शर्यतीनंतर सिलिंडर उघडून वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणची झीज मोजतो, आणि ती नोंद वडील स्वतःच्या हाताने वहीत करतात.