अहवालाचा साचा वर्डपासूनच का सुरू करावा

संशोधन अहवाल आकडेमोडीसकट पुन्हा जसाच्या तसा तयार करता आला पाहिजे, हे आता बहुतेकांना मान्य झाले आहे. पण तोच अहवाल ठरलेल्या नमुन्यात बसवायची वेळ आली की शेवटचा हात मात्र माउसनेच फिरवला जातो. समासांची मापे, शीर्षकांचे फॉन्ट, प्रकरणागणिक नवे पान हे सारे दर वेळी हाताने करावे लागत असेल, तर मागचा कोड कितीही चोख असला तरी तो अहवाल अर्धाच पुनरुत्पादनक्षम म्हणावा लागेल.

मजकूर आणि आर या संख्याशास्त्रीय भाषेतील कोड एकाच फाइलमध्ये ठेवण्याची सोय स्वीव्ह या साधनाने २००२ च्या सुमारास दिली, पुढे त्याच कामासाठी निटर आले आणि २०२२ मध्ये क्वार्टो जाहीर झाले. क्वार्टोतही वर्डमध्ये किंवा पीडीएफसाठी लागणाऱ्या लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत रूपांतर करण्याचे काम पॅनडॉक हा फाइलचे प्रकार बदलणारा प्रोग्रामच करतो, त्यामुळे साच्याचे नियम पॅनडॉकचे समजून घेतले की बरेचसे काम सोपे होते.

नागपुरात मी ज्या मंडळींसोबत काम करतो, त्यांना पीडीएफचे फारसे अप्रूप नाही. मार्गदर्शकांना वर्डची फाइल लागते आणि ते त्यातच ‘ट्रॅक चेंजेस’ (केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय) लावून सुधारणा सुचवतात. या सुधारणा मूळ फाइलमध्ये हातानेच उतरवाव्या लागतात, कारण वर्डमधून मागे येताना मजकूर येतो, कोड येत नाही. म्हणून आधी वर्डचा साचा नीट करावा आणि लाटेकच्या नादाला नंतर लागावे, असे माझे मत आहे.

वर्डसाठी पॅनडॉक ‘रेफरन्स डॉक’ नावाची एक नमुना फाइल वापरते. तिच्यातील मजकूर दुर्लक्षिला जातो; घेतल्या जातात त्या फक्त स्टाइल्स, पानाचा आकार, समास, हेडर आणि फूटर. ही फाइल कार्यालयातील जुन्या अहवालावरून बनवण्यापेक्षा पॅनडॉककडूनच मूळ नमुना काढून घ्यावा आणि त्यात बदल करावेत, म्हणजे पॅनडॉकला अपेक्षित असलेल्या नावांच्या स्टाइल्स जागच्या जागी राहतात. बदल निवडलेल्या ओळीवर न करता थेट स्टाइलमध्ये करावा लागतो, एवढे पथ्य पाळावे. प्रकरण नव्या पानावर सुरू व्हायचे असेल, तर ‘हेडिंग १’ या स्टाइलच्या परिच्छेद-रचनेत ‘पेज ब्रेक बिफोर’ हा पर्याय निवडावा. मजकुरात पानतोड टाकू नये.

मराठीत खरी मेख फॉन्टच्या चौकटीत आहे. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानते आणि तिच्यासाठी फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे नोंदवते. त्यामुळे लॅटिन अक्षरांचा आकार १२ केला तरी मराठी मजकूर जुन्याच आकारात राहू शकतो आणि साचा लागूच झाला नाही असे वाटते. प्रत्येक महत्त्वाच्या स्टाइलमध्ये दोन्ही जागी मापे भरावीत. पीडीएफसाठी झीलाटेक हा लाटेकचा युनिकोड फॉन्ट वापरणारा प्रकार निवडून फॉन्टच्या पर्यायांत देवनागरी लिपी स्पष्ट नमूद करावी. तसे न केल्यास ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे बिघडतात. ‘फिगर’ऐवजी ‘आकृती’ आणि ‘टेबल’ऐवजी ‘तक्ता’ हे बदल मात्र क्वार्टोच्या भाषा-सेटिंगमध्ये दोन ओळींत होतात.

आकड्यांचे काम साच्याकडे देऊ नये. आरमधील नेहमीची सोय सर्वत्र तीन-तीन अंकांनी स्वल्पविराम देते, आपल्याला मात्र १,२३,४५६ असे लिहायचे असते; त्यासाठी एक छोटे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे आणि देवनागरी अंकांत रूपांतर त्याच्याच शेवटच्या पायरीवर करावे, कारण एकदा रूपांतर झाले की ती संख्या उरत नाही, मजकूर होतो आणि पुढची बेरीज अडते.

एवढी तयारी असली की पॅरामीटरचा, म्हणजे फाइलला बाहेरून देता येणाऱ्या बदलत्या मूल्याचा, उपयोग कळतो. संत्राबागांच्या अहवालात तालुक्याचे नाव पॅरामीटर म्हणून दिले, तर काटोलसाठी लिहिलेली फाइल नरखेडसाठीही तशीच चालते, आणि नागपूर जिल्ह्याच्या १४ही तालुक्यांचे अहवाल एका छोट्या लूपमधून, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमधून, निघतात. साचा कोडसोबत गिटमध्येच, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत, ठेवावा. मात्र गिट वर्डच्या फाइलमधील फरक आपणहून वाचता येतील असे दाखवत नाही, म्हणून कोणती स्टाइल कधी आणि का बदलली याची नोंद शेजारच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवलेली बरी.