तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन विंडोज मारू का?

फोन बहुधा रात्री साडेनऊनंतर येतो. आधी तब्येतीची चौकशी, मग इकडचं तिकडचं, आणि ठेवता ठेवता मूळ मुद्दा. “अगं, ते स्क्रीनवर सारखं येतंय, अपग्रेड करा म्हणून. मारू का नवीन विंडोज?” विचारणाऱ्यांत मामा असतो, जुनी मैत्रीण असते, वरच्या मजल्यावरच्या काकू असतात. मी या विषयातली तज्ज्ञ वगैरे नाही. घरातले कॉम्प्युटर बिघडत गेले आणि दर वेळी माझ्याच गळ्यात पडले, एवढीच माझी पात्रता. पण इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलंय, की एकदा सगळं सलग सांगून टाकते.

मारा. फक्त आज रात्री नको.

नव्यात काही विशेष आहे म्हणून ‘मारा’ म्हणत नाही. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर घरच्या माणसाला जे बदल जाणवतात, ते बहुतेक वैताग आणणारेच. बटणं हलली, कोपरे गोल झाले, उजव्या क्लिकचा मेनू अर्धा लपला. अडचण अशी आहे, की जुन्याकडे बघणारं आता कोणी उरलेलं नाही. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ रोजी, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं त्याची देखभाल थांबवली. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पण ती आपण होऊन नाव नोंदवलं तरच मिळते, आणि त्यात येतात ते फक्त सुरक्षेचे पॅच, म्हणजे चोर शिरू शकतील अशी भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या.

यावर हमखास ऐकू येतं, “पण माझा तर छान चाललाय!” चालणारच. त्या १४ तारखेला कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. बंद पडलं ते भोकं बुजवणं. आणि इथे एक गोष्ट आहे, जी मलाही फार उशिरा कळली. ११ चा आतला बराचसा भाग १० मधूनच आलेला आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ साठी दुरुस्त्या येतात. दुरुस्तीच्या आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून ताडली, की जाणकाराला कळतं भोक नेमकं कुठे होतं. तेच भोक १० मध्येही असेल, तर तिथे ते उघडंच. म्हणजे ११ ची डागडुजी जितकी नेमानं होणार, तितका १० च्या घराचा नकाशा चोरांच्या हाती पडत जाणार. तुमचा छान चाललेला कॉम्प्युटर जागेवर बसल्या बसल्या दर महिन्याला थोडा जास्त धोक्याचा होतो तो असा.

मे २०१७ मधलं ‘वॉनाक्राय’ नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर अनेकांना आठवत असेल. दीडशेच्या आसपास देशांत कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद होऊन त्या सोडवायचे पैसे मागितले जात होते. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, येऊन पडला होता. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपल्यामुळे त्याच्या नशिबी तो नव्हता. हल्ला झाल्यावर मायक्रोसॉफ्टनं तो घाईघाईनं सोडला. गंमत म्हणजे सर्वांत जास्त फटका बसला विंडोज ७ वाल्यांना, ज्यांच्यासाठी पॅच होता पण त्यांनी तो घातलाच नव्हता. तेव्हा अपडेटची खिडकी आली की ‘नंतर’ म्हणून महिनोन्‌महिने ढकलणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये.

आता ‘आज रात्री नको’ असं का म्हणते, ते सांगते. ते माझ्या चुकीतून आलंय.

२०१० मध्ये बाबांच्या कॉम्प्युटरवरचं एक्सपी काढून मी विंडोज ७ टाकलं. एक्सपीवरून ७ वर थेट चढता येत नसे, सगळं नव्यानं टाकावं लागे. मी ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप पेनड्राइव्हवर घेतले, दोनदा उघडून बघितले आणि सी ड्राइव्हला फॉरमॅट मारला. संध्याकाळपर्यंत सगळं चकाचक. बाबा येऊन बसले, दोनचार ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाले, “मेल कुठे गेले?”

बाबांचे मेल ब्राउझरमध्ये नव्हतेच. त्यांचा मेलचा वेगळा प्रोग्रॅम होता. तो सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायचा, सर्व्हरवरचे पुसून टाकायचा, आणि उतरवलेले ठेवायचा कुठे, तर युजरच्या फोल्डरमध्ये चार पायऱ्या आत, एका लपवलेल्या फोल्डरात. तो फोल्डर साध्या नजरेला दिसतच नाही. सहा वर्षांचे मेल. त्यात काकाचे होते, आणि काका आदल्या वर्षीच गेला होता. बाबा रागावले नाहीत. “असू दे, एकदोन छापून ठेवलेले असतील,” म्हणाले आणि टेबलाचा खण उघडून कागद चाळायला लागले. मी नव्या विंडोजच्या त्या हसऱ्या निळ्या पडद्यासमोर उभी.

तेव्हापासून ‘बॅकअप घेतला का?’ असं मी कोणालाच विचारत नाही. सगळे ‘हो’ म्हणतात. त्या दिवशी मीही म्हटलं असतं. त्याऐवजी मी समोरच्याला त्याच्या कॉम्प्युटरपुढे बसवते आणि तो रोज काय काय उघडतो ते नुसतं बघते. जे जे उघडेल ते राहतं कुठे, हे शोधायचं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा, जो थेट सी ड्राइव्हवर स्वतःचं वेगळं बिऱ्हाड करून बसलेला असतो. कधीकाळी आणून टाकलेले फॉन्ट, ज्यांच्यावाचून जुनी पत्रं उघडली तर पानभर नुसता कचरा दिसतो. “माझं सगळं क्लाउडवर आहे” असं म्हणणाऱ्याला सांगते, आत्ता फोनवरून ती फाइल उघडून दाखव. शिवाय सिंक आणि बॅकअप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिंकमध्ये इथे पुसलं की तिथलंही जातं. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, तिच्यावर कॉपी करा आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहू दिली तर ऐन वेळी तिलाच फॉरमॅट मारणारे महाभाग असतात. नाव घेत नाही, मामा हे वाचणार आहे.

हल्लीचं अपग्रेड फाइलींना हात लावत नाही, हे खरं. १० वरून ११ ला जाताना प्रोग्रॅम, फोटो, सगळं जागच्या जागी राहतं. तरी ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चंच एक मोठं अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसून गेलं होतं. मायक्रोसॉफ्टनं ते काही दिवसांतच थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा सोडलं. म्हणून कुठलीही मोठी आवृत्ती नवी आली की मी दोनतीन महिने इतरांना पुढे जाऊ देते. ११ साठी मात्र ही सबब चालणार नाही, ते ऑक्टोबर २०२१ पासून आहे.

तुमच्या मशीनला ते झेपेल का, हे सांगायला मायक्रोसॉफ्टचंच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं टूल आहे. त्यानं ‘नाही’ म्हटलं म्हणून लगेच नवा लॅपटॉप बघायला धावू नका. बाबांच्या आताच्या डेस्कटॉपलाही ‘नाही’च आलं होतं. कारण दिलं होतं, टीपीएम २.० सापडत नाही. टीपीएम म्हणजे कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी चिमुकली तिजोरी. बऱ्याच मशीनमध्ये ती असतेच, फक्त बंद करून ठेवलेली. रीस्टार्ट करून डिलीटचं बटण टकटक दाबत मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शिरले. तिथे ‘टीपीएम’ याच नावानं ती भेटेल असं नाही. इंटेलवाले तिला ‘पीटीटी’ म्हणतात, एएमडीवाले ‘एफटीपीएम’. ती ओळ सापडायला वीस मिनिटं लागली. ‘डिसेबल्ड’चं ‘एनेबल्ड’ करायला दोन सेकंद.

प्रोसेसरच्या बाबतीत असली सोय नाही. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पिढी नावातच असते. आय५-८४०० मधला ८ म्हणजे आठवी. आय५-७४०० असेल तर सातवी, आणि दार बंद. ही अट चुकवून ११ घुसवायच्या युक्त्या आहेत. माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर मी ते केलंय आणि चालतंयही. बाबांच्या मशीनवर कधीच करणार नाही. अशा मशीनला पुढच्या मोठ्या आवृत्त्या आपोआप येत नाहीत, आणि दर वेळी हातानं घालायला मी तिथे असेनच असं नाही.

कागदावर ११ ला ४ जीबी रॅम पुरते. कागदावर. फिरत्या हार्ड डिस्कवर ११ मारून “स्लो झालाय” म्हणून मला फोन करू नका. आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. या एका बाबतीत मी हटवादी आहे.

मामेबहिणीच्या लॅपटॉपचा किस्सा सांगितलाच पाहिजे. अपग्रेडआधी तिनं बायोस अपडेट करून घेतलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पण रीस्टार्ट झाल्यावर समोर निळा पडदा: रिकव्हरी की टाका. ४८ आकडे. आपली डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन केलं की ते आपोआप सुरू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन पडते. तिच्या खात्यात बघितलं, तर किल्ली नाही. दोन तास आम्ही फोनवर. मग तिला आठवलं, लॅपटॉप नवा आला तेव्हा तो सुरू करून दिला होता तिच्या मुलानं. स्वतःच्या खात्यानं. भाचा वर्गात होता. मधल्या सुट्टीत त्यानं सहा सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले, तिनं लिहून घेतले, टाकले, आणि लॅपटॉप म्हणाला चूक. परत सगळं ताडलं, तेव्हा पाचव्या गटात एका ठिकाणी ६ चा ९ झालेला निघाला. तुमची किल्ली अपग्रेडच्या आधीच कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवण्यात काय अर्थ आहे ते तुम्हीच सांगा.

प्रत्यक्ष अपग्रेडबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चार्जर लावा, डिस्कवर ऐसपैस जागा मोकळी करा, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाचून कोणाचं काही अडणार नाही असा दिवस निवडा. टक्के मोजत बसू नका. मधेच एखाद्या आकड्यावर ते ठाण मांडतं, मग दोनतीनदा रीस्टार्ट होतं, आणि पॉवरचं बटण दाबून धरायला बोटं शिवशिवतात. उठून दुसऱ्या खोलीत जा. झाल्यावर नाहीच पटलं, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत १० वर येता येतं. त्यासाठीच जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात पडून असतं. फार जागा खातोय म्हणून पहिल्याच दिवशी त्याची साफसफाई करू नका.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉप सातव्या पिढीचा निघाला. त्यांचं काम म्हणजे मेल, व्हिडिओ आणि पत्रव्यवहार. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, घेऊन गेले, डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच सुरू केलं आणि त्यांना तासभर त्यावर बसवलं. त्यांचा जुना प्रिंटर काही न करता चालला, तेव्हा त्या तयार झाल्या. ज्यांचं पोट विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमवर आहे, त्यांना मी हे सुचवत नाही.

बाबांच्या डेस्कटॉपवर ११ आलं, तेव्हा पहिल्याच मिनिटाला त्यांचा कर्सर खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला. स्टार्टचं बटण १९९५ पासून तिथेच. मधे विंडोज ८ मध्ये काढून टाकलं होतं, ते लोकांनी ओरडा केल्यावर ८.१ मध्ये परत आलं. ११ नं ते मधोमध नेलं आणि कोपऱ्यात हवामान बसवलं. त्यावर कर्सर टेकला की हवामान, बातम्या, कसकसल्या चौकटी असा पडदा अंगावर येतो. बाबा दचकले, कर्सर बाजूला घेतला. पडदा मिटला. पुन्हा कोपऱ्यात गेले. पुन्हा पडदा. तिसऱ्यांदा म्हणाले, “पाऊस नाही म्हणतोय.” सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, तिथे अलाइनमेंट ‘लेफ्ट’ केली, विजेट्स बंद केले. घरातल्या मोठ्यांना नव्या विंडोजपुढे बसवायच्या आधी एवढं करून ठेवा. मी विसरले होते.

मग त्यांनी मेल उघडले. ते आता ब्राउझरमध्येच असतात, विंडोज बदललं तरी कुठे जात नाहीत, हे मी त्यांना कितीदा सांगितलंय. तरी ते चाक फिरवत खाली खाली गेले, पानामागून पान, अगदी शेवटच्या मेलपर्यंत. २०१० चा, मीच पाठवलेला, विषय ‘चाचणी’. तो उघडला, बंद केला, आणि म्हणाले, “आहेत.”